यंत्र पास झालं, पण डॉक्टर शिकला का?

रोबोटिक अँजिओप्लास्टीवर वाचायला घेतलं की 'प्रिसाइज' हा अभ्यास समोर येतोच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला; ९ केंद्रं, १६४ रुग्ण. डॉक्टर आडोशामागे बसून जॉयस्टिकने वायर, फुगा आणि स्टेंट सरकवतो. १६४ पैकी १६२ रुग्णांत रोबोट सोडून हाताने काम करायची वेळ आली नाही. टेबलापाशी जितके क्ष-किरण असतात, त्यापेक्षा डॉक्टरच्या बसण्याच्या जागी सुमारे ९५ टक्के कमी. काम चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो या आकड्यांवरून प्रशिक्षणाबद्दल निष्कर्ष काढण्याशी. हा मोह फार होतो! पण बघा, या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता आणि तपासलं गेलं ते यंत्र. शिकणारा डॉक्टर तपासलाच नाही.

मला तर उरलेले २ रुग्ण जास्त महत्त्वाचे वाटतात. रोबोट अडला की डॉक्टरला उठून टेबलाशी यावं लागतं आणि वायर बोटांनी पुढे न्यावी लागते. हाताला लागणारा अडथळा या रोबोटच्या जॉयस्टिकवर जाणवत नाही; सगळं पडद्यावर बघून ओळखायचं. आज हे जमतं, कारण आजचे डॉक्टर आधी हातानेच शिकलेत. उद्याचा रेसिडेंट जॉयस्टिकवरच वाढला, तर त्या घडीला काय करेल? २०१८ मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाममधून सुमारे ३२ किलोमीटर दूर अहमदाबादच्या ५ रुग्णांवर अँजिओप्लास्टी केली, तेव्हाही रुग्णाजवळ टीम होतीच. मग प्रशिक्षण त्या टीमचंही नको का?

आता दुसरा नमुना बघा. २००२ मध्ये सेमूर आणि सहकाऱ्यांनी फक्त १६ रेसिडेंट घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, त्यातल्या एकाला सिम्युलेटरवर तयार केलं आणि मग दोन्ही गटांची पित्ताशयाची दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया तपासली. कोण कुठल्या गटातला, हे तपासणाऱ्यांना माहीत नव्हतं. सिम्युलेटरवर शिकलेल्यांच्या चुका बऱ्याच कमी निघाल्या. नमुना लहान, पण प्रश्न नेमका: शिकलेलं खऱ्या रुग्णापर्यंत पोचतं का?

रोबोटिक अँजिओप्लास्टीच्या प्रशिक्षणाला असाच अभ्यास हवा, आणि त्यात किती वेळ लागला यासोबत 'रोबोट कधी सोडायचा' हा निर्णयही मोजायला हवा.

तुमचा प्रस्ताव लिहिताना एवढंच करा: जो आकडा मोजणार आहात त्याच्यापुढे लिहा, हा कोणाचा निकाल आहे, यंत्राचा की माणसाचा? उत्तर देताना अडखळलात, तर आधी प्रश्न दुरुस्त करा.