रानचे मांस : एका विचाराचे परीक्षण

मांस खावे की न खावे, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. परंतु खावयाचे एकदा ठरल्यावर ते कोणत्या प्राण्याचे खावे, हा प्रश्न जात, सवय आणि जिव्हा यांच्यावर सोपवून आपण मोकळे होतो. अलीकडे या प्रश्नाला एक नवे उत्तर ऑस्ट्रेलियातून आले आहे. गाय व मेंढी सोडा आणि कांगारू खा, असे ते उत्तर. हा विचार आपल्या सुशिक्षित तरुणांच्याही कानी पडू लागला असल्यामुळे त्याचे परीक्षण करणे अप्रस्तुत ठरू नये.

या पक्षाचे म्हणणे प्रथम नीट मांडले पाहिजे. गाय आणि मेंढी हे ऑस्ट्रेलियात बाहेरून आणलेले प्राणी. त्यांच्या कठीण खुरांनी तेथील कोरडी जमीन उखडली जाते. कांगारू तेथलाच, मऊ पावलांचा. गाईच्या रवंथातून मिथेन वायू मोठ्या प्रमाणात सुटतो, कांगारूच्या पोटातून अत्यल्प. त्याला कुंपण, गोठा वा पेंड लागत नाही. त्याला मालमोटारीत कोंबून कत्तलखान्यात नेत नाहीत. परवानाधारक नेमबाज रात्री दिव्याच्या झोतात त्याच्या डोक्यात गोळी घालतो, आणि चरता चरता त्याचा अंत होतो. एरव्ही शाकाहारी राहून मांसापुरते कांगारूच खाणारा एक पंथही तेथे निघाला आहे. २००८ साली दोन शास्त्रज्ञांनी असा हिशेब मांडला की, सत्तर लाख गुरे व तीन कोटी साठ लाख मेंढ्या कमी करून कांगारूंची संख्या साडेसतरा कोटींवर नेता येईल आणि मांसाची भरपाईही होईल.

हा युक्तिवाद दुबळा नाही. बंदिस्त पशुपालनात जनावराचे सारे आयुष्य हेच एक दुःख असते. येथे दुःख असलेच तर ते क्षणाचे. तथापि दोन गोष्टी हे लोक हळू आवाजात सांगतात. पहिली अशी की, कांगारूची मादी मारली गेली म्हणजे तिच्या पिशवीतले पिल्लूही मारावे लागते. दुसरी अशी की, कांगारू सावकाश वाढतो आणि दुष्काळात त्याचे कळपच्या कळप मरतात. म्हणून विमानातून गणती करून दरवर्षी मारावयाची संख्या ठरवावी लागते. तो साडेसतरा कोटींचा हिशेब कागदावरच राहिला, यात नवल नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा इतिहासाचा आहे. तेथील मूळ रहिवासी हजारो वर्षे कांगारू खात आले. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या वंशजांनी मात्र हे मांस पुढे हलके ठरविले. ते कुत्र्यांच्या खाद्यात जाऊ लागले. माणसांच्या खाण्यासाठी त्याची विक्री दक्षिण ऑस्ट्रेलियात १९८० साली कायदेशीर झाली, इतर राज्यांतून ती सर्वत्र मोकळी व्हावयास १९९३ साल उजाडले. दरिद्री माणसाच्या हंडीतले अन्न श्रीमंताच्या ताटात गेले की त्यास 'पर्याय' हे प्रतिष्ठित नाव मिळते.

आता हाच विचार आपल्या मुलखास लावून पाहू. दौंड तालुक्यातील पाटस हे गाव त्यास सोयीचे आहे, कारण दोन्ही प्रकारची जमीन तेथे जवळजवळ नांदते. एकीकडे कालव्याचे पाणी, ऊस आणि भीमा सहकारी साखर कारखाना. दुसरीकडे दक्षिणेस सुप्याच्या दिशेने पसरलेले कोरडे गवताळ माळ. या माळावरचा कांगारू कोण? चिंकारा, असे कोणी म्हणेल. परंतु सुप्याजवळ १९९७ साली त्याच्यासाठी जे मयूरेश्वर अभयारण्य झाले, त्याचा विस्तार अवघा पाच चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. जो प्राणी एवढ्याशा तुकड्यावर जीव धरून आहे, त्याचे मांस कोणाचाही पर्याय होऊ शकत नाही.

माळावरचे ससे आणि तितर मात्र एके काळी खरोखर खाल्ले जात. फासेपारध्यांचे ते पिढीजात अन्न. इंग्रजी अमलात ही जमात गुन्हेगार ठरविण्यात आली. तो कायदा १९५२ साली गेला. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ सर्वस्वी बंद झाली. एक शिक्का पुसला गेला तोच पारध्याची हंडी दुसऱ्या कायद्याखाली गुन्हा ठरली. या कायद्याची आवश्यकता मी नाकारीत नाही. त्याचा भार कोणाच्या माथी पडला, एवढेच दाखवितो.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या कायद्यावर कठोर टीका केली आणि स्वीडनसारख्या देशांप्रमाणे नियंत्रित शिकारीस मुभा असावी, असे आग्रहाने मांडले. त्यांच्या प्रतिपादनातील न्यायबुद्धी मान्य केली पाहिजे. रानडुकराने शेत उद्ध्वस्त केले तर त्यास मारण्याची परवानगी मिळू शकते. पण मारलेले जनावर सरकारची मालमत्ता होते, शेतकऱ्यास ते खाता येत नाही. ही विसंगती उघड आहे. परंतु रानडुकरास कांगारूच्या पंक्तीस बसविता येईल का? मला वाटते, नाही. आपल्या बागायती पट्ट्यांत ते पोसले जाते उसावर आणि मक्यावर, म्हणजे माणसाच्याच पाण्यावर व श्रमावर. त्याचे मांस हा नुकसानीचा अंशतः परतावा होईल. पशुपालनाचा पर्याय नव्हे.

मग आपल्याकडे या विचाराचा खरा प्रतिनिधी कोण? माझ्या मते तो रानात नसून धनगराच्या कळपात आहे. दख्खनी मेंढी माणसास न पचणारे गवत व कापणीनंतरचा पाला खाऊन जगते. पावसाळा माळावर काढते, दिवाळीनंतर दूर चरावयास जाते, आणि शेतात बसविली म्हणजे खत देऊन जाते. मका व सोयाबीन चारून सहा आठवड्यांत तयार होणाऱ्या कोंबडीपेक्षा ती कांगारूच्या कितीतरी जवळची आहे.

तिच्याविषयी भाबडेपणा मात्र नको. मेंढीही रवंथ करते व मिथेन सोडते. कळप बेसुमार वाढला तर माळही उजाड होतो. आणि या जीवनाचा आधार किती नाजूक असतो, हे व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) वाचावे. त्या कादंबरीतील वस्तीचे सारे वैभव म्हणजे मेंढरे. पाऊस गेला की मेंढरे जातात आणि मागोमाग वाडीही ओस पडते. माडगूळकर या लोकांची कीव करीत नाहीत, त्यांना आदर्शही बनवीत नाहीत. पर्यायाची चर्चा करणाऱ्या लेखनात हाच संयम बहुधा आढळत नाही.

तात्पर्य, रानटी विरुद्ध पाळीव ही भेदरेषाच चुकीच्या जागी ओढलेली आहे. जे जनावर माणसास निरुपयोगी असलेल्या चाऱ्यावर जगते आणि जे माणसाच्या शेतातील धान्यावर फुगते, खरा भेद या दोहोंमध्ये आहे. पहिल्या प्रकारचे मांस नेहमीच थोडे असणार, म्हणून ते थोडेच खाल्ले पाहिजे. रोज भरपूर आणि शिवाय निर्दोष, असे मांस कोणताच देश देऊ शकणार नाही. परंतु ते थोडेही उरावयाचे असेल तर माळ उरला पाहिजे. महसुली दप्तरात तो 'पडीक' म्हणून नोंदला जातो, आणि पडीक जमिनीवर कारखाना, भूखंड किंवा वृक्षलागवड काहीही शोभून दिसते. कांगारूची चर्चा आपण खुशाल करावी. मात्र ज्या गवतावर आपली मेंढी आणि आपला चिंकारा दोघेही जगतात, त्यास पडीक म्हणणे आधी सोडावे.