ग्रामीण ब्रॉडबँडवरील शासकीय खर्च : ‘भारतनेट’ योजनेची चिकित्सा

प्रस्तावना :
महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज, महाविद्यालयीन प्रवेशाची प्रक्रिया हे सारे व्यवहार इंटरनेटवरून चालतात. २०२० च्या टाळेबंदीत तर अध्यापनही त्याच मार्गाने झाले आणि जोडणी नसलेला ग्रामीण विद्यार्थी वर्गाबाहेर राहिला. या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाच्या ‘भारतनेट’ योजनेवरील खर्च आणि त्याच्या फलिताचे मोजमाप यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निधीचे स्वरूप :
२५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे’ या नावाने ही योजना मंजूर केली. देशातील सुमारे २.५ लाख ग्रामपंचायती ब्रॉडबँडने जोडणे हे तिचे उद्दिष्ट होते. तिच्यासाठी सार्वत्रिक सेवा दायित्व निधी वापरण्यात आला. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के आकारणीतून हा निधी उभा राहतो. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ असे झाले. ही आकारणी अखेर ग्राहकाच्या देयकातूनच येत असल्याने खेड्यातील मोबाइलधारकही या निधीचा भागीदार आहे. म्हणून ग्रामीण जोडणीकडे शासनाचे औदार्य म्हणून पाहणे योग्य ठरत नाही.

खर्चाचा विस्तार :
आरंभी सुमारे २० हजार कोटी रुपये खर्च अपेक्षित होता व काम दोन वर्षांत पूर्ण व्हावयाचे होते. प्रत्यक्षात एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी एकूण तरतूद ४२,०६८ कोटींवर गेली. २०२१ मध्ये १६ राज्यांसाठी खासगी भागीदारीचा मार्ग मंजूर झाला. मात्र त्यास अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. प्रत्येक टप्प्याची व्याप्ती वेगळी असल्यामुळे हे आकडे सरळ तुलनेचे नाहीत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

रचना आणि देखभाल :
पहिल्या टप्प्यात जाळ्याची रचना मुख्यतः रेषीय होती. तालुक्याच्या ठिकाणापासून निघालेली केबल एके ठिकाणी तुटली, की पुढील सर्व गावांची जोडणी खंडित होई. रस्तारुंदीकरण, जलवाहिनी आदी कामांसाठी सतत खोदकाम चालणाऱ्या ग्रामीण भागात हा दोष किरकोळ मानता येत नाही. केबल टाकण्याच्या कामाला जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे दुरुस्तीला मिळाले नाही. २०२३ च्या कार्यक्रमात पर्यायी मार्ग देणारी वलयाकार रचना आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद आहे. ही सुधारणा स्वागतार्ह असली, तरी पूर्वीच्या नियोजनातील उणिवेची ती कबुलीच आहे.

मोजमापाचा प्रश्न :
या योजनेची प्रगती प्रामुख्याने टाकलेल्या केबलचे किलोमीटर आणि ‘सेवेसाठी सज्ज’ ग्रामपंचायतींची संख्या यांतून सांगितली जाते. परंतु सज्ज असणे आणि सेवा मिळणे यांत अंतर आहे. ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील यंत्र वीज नसल्याने बंद असले, तरी ते गाव ‘सज्ज’ गावांच्या यादीत राहू शकते. शिवाय जोडणी कार्यालयापर्यंत पोहोचली, म्हणजे ती वाडी-वस्तीवरील विद्यार्थ्याच्या घरी पोहोचली असे होत नाही. सुधारित कार्यक्रमात पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरजोडण्यांचे लक्ष्य आहे. तेथेही केवळ जोडण्या मोजल्या गेल्या, तर जुनीच चूक नव्या आकड्यांनिशी होईल.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते, की ग्रामीण ब्रॉडबँडच्या बाबतीत निधीच्या उपलब्धतेइतकाच उत्तरदायित्वाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. सेवा महिन्यात किती दिवस सुरू होती, बिघाड किती तासांत दूर झाला आणि किती कुटुंबांनी तिचा वापर केला, ही माहिती ग्रामपंचायतनिहाय जाहीर व्हावी आणि ती ग्रामसभेपुढे ठेवली जावी. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या अखेरच्या दिवशी गावातील जोडणी बंद असेल, तर त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने जमिनीखालील केबल असून नसल्यासारखीच आहे. या योजनेचे मूल्यमापन त्याच्या बाजूने होणे आवश्यक आहे.