मराठी भाषाव्यवहारातील अजगर : प्रतिमा आणि निसर्गवास्तव

प्रस्तावना

वऱ्हाडातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांना मेळघाट, नरनाळा, पोहरा-मालखेड आणि काटेपूर्णा या वनांचा शेजार लाभला आहे. त्यामुळे अजगर हा येथील शेतकऱ्याला केवळ पुस्तकातून भेटणारा प्राणी नाही. असे असूनही अजगराविषयीचे आपले बोलणे प्रत्यक्ष निरीक्षणापेक्षा भाषेत रुळलेल्या प्रतिमांवरच अधिक पोसलेले दिसते. ‘अजगरासारखा पडून राहणे’ हा वाक्प्रचार आळशी माणसासाठी वापरला जातो, तर ‘महागाईचा अजगर’, ‘अजगरी विळखा’ ही वृत्तपत्रांची आवडती रूपके होत. एका प्रतिमेत तो निष्क्रिय आहे आणि दुसरीत सर्वभक्षक आहे. या दोन प्रतिमा कोठून आल्या आणि निसर्गवास्तवाच्या कसोटीवर त्या कितपत टिकतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राचीन वाङ्मयातील अजगर

अज म्हणजे बोकड व त्याला गिळणारा तो अजगर, अशी या शब्दाची व्युत्पत्ती दिली जाते. म्हणजे गिळण्याची क्रिया नावातच आहे. भागवताच्या दशम स्कंधातील अघासुर अजगराचे रूप घेऊन गोपाळांना गिळतो. भक्षक अजगराची प्रतिमा येथे पूर्णत्वास जाते. परंतु महाभारताच्या वनपर्वातील नहुष निराळा आहे. शापामुळे अजगर झालेला हा राजा भीमाला विळख्यात धरतो खरा. पण युधिष्ठिराला धर्मविषयक प्रश्न विचारतो आणि समाधानकारक उत्तरे मिळताच भीमाला मुक्त करतो. येथे अजगराला बळ आहे, तशीच विवेकबुद्धीही आहे.

एकादश स्कंधात तर अवधूताने आपल्या चोवीस गुरूंमध्ये अजगराला स्थान दिले आहे. न मागता जे मिळेल ते, गोड असो वा बेचव, थोडे असो वा पुष्कळ, स्वीकारावे. न मिळाल्यास दीर्घकाळ उपाशी राहूनही अस्वस्थ होऊ नये, हा त्याचा उपदेश. संत एकनाथांनी १५७३ मध्ये काशी येथे पूर्ण केलेल्या आपल्या टीकेत आठव्या अध्यायात हा गुरू मराठी श्रोत्यांसमोर उभा केला. शांतिपर्वातील प्रल्हाद-आजगर मुनी संवादातही हीच वृत्ती आहे. तिच्या मुळाशी असलेले निरीक्षण चुकीचे नाही, हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. अजगर भक्ष्याचा पाठलाग करीत नाही. तो दबा धरून थांबतो आणि एका मोठ्या भक्ष्यानंतर कित्येक आठवडे अन्नावाचून राहू शकतो. अवधूताने या संयमात संतोष पाहिला. पुढील काळातील बोलीने मात्र त्यात आळस पाहिला. एका गुणाचे दूषण झाले, ही अर्थच्युती मराठी भाषेच्या अभ्यासकाने नोंदवावी अशी आहे.

निसर्गवास्तव

भारतात अजगरांच्या तीन जाती आढळतात. वऱ्हाडात व देशाच्या बहुतांश भागात आढळणारा भारतीय अजगर (पायथॉन मॉल्युरस), ईशान्य भारतातील ब्रह्मी अजगर आणि निकोबार बेटांवरील जाळीदार अजगर. यांपैकी ब्रह्मी अजगराला २००९ पासून स्वतंत्र जातीचा दर्जा देण्यात आला. भारतीय अजगर बिनविषारी असून त्याच्या ओठांवरील खळग्यांना उष्णतेची जाणीव होते. त्यामुळे उष्ण रक्ताचे भक्ष्य त्याला अंधारातही हेरता येते. गुदद्वाराजवळील दोन लहान नख्या म्हणजे त्याच्या पूर्वजांच्या मागील पायांचे अवशेष होत.

अन्न गिळल्यानंतर निश्चल पडलेल्या अजगराच्या शरीरात चयापचयाचा वेग कित्येक पटींनी वाढतो, आतडे व यकृत आकाराने वाढतात आणि पचन संपल्यावर पूर्ववत होतात. बाहेरून जो आळस दिसतो, तो आतून परिश्रम असतो. मादीच्या बाबतीत हे अधिकच स्पष्ट होते. अंडी घातल्यानंतर ती त्यांच्याभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते आणि या काळात बहुधा अन्नही घेत नाही. ब्रह्मी अजगराची मादी तर स्नायूंच्या लयबद्ध आकुंचनाने उष्णता निर्माण करून अंडी उबवते. ज्या विळख्याला आपण केवळ विनाशाचे रूपक मानले, तो संगोपनाचाही असतो. उपरोक्त दोन्ही प्रतिमांत या मातेला कोठेही जागा नाही.

बंदिवास : ज्ञान आणि भ्रम

या मातेची ओळख प्रामुख्याने बंदिवासातील अजगरांमुळे झाली. पॅरिसच्या प्राणिसंग्रहातील मादीच्या शरीराचे तापमान व्हॅलेन्सिएन यांनी १८४१ मध्ये मोजले, तर न्यूयॉर्क येथील मादीवरील निरीक्षणे १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. याउलट अजगर वर्षभर कसा जगतो, हे रानातच कळू शकते. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात एस. भूपती यांनी केलेल्या अभ्यासातून साळिंदराच्या बिळांचा आश्रय आणि हिवाळ्यात उन्हात येऊन शेकणे या बाबी पुढे आल्या. म्हणजेच बिळे बुजविली गेली तर अजगराचे घरच जाते. पिंजऱ्यातील अजगर ही गोष्ट सांगू शकत नाही.

काचेआडचा अजगर प्रेक्षकाला बहुधा निश्चलच दिसतो आणि ‘आळशी अजगर’ ही समजूत दृढ होते. गळ्यात अजगर घालून काढलेली छायाचित्रे याच समजुतीचे दुसरे टोक होय. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन पाळला जातो, म्हणून आपलाही पाळावा, असाही समज आढळतो. विदेशी प्राण्यांसाठी २०२० मध्ये स्वेच्छेने माहिती देण्याची सवलत योजना आली होती. भारतीय अजगर मात्र वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असून २०२२ च्या दुरुस्तीनंतरही तेथेच आहे. त्याला मारणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे.

प्रतिमेची किंमत

प्रतिमांची ही चर्चा केवळ वाङ्मयीन नाही. भक्षक म्हणून अजगर शेतात मारला जातो. निरुपद्रवी म्हणून त्याच्याशी खेळले जाते. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. घोणस, जिला आपल्याकडे परड असेही म्हणतात, ती जाड शरीर व ठिपक्यांमुळे अजगराचे पिल्लू समजली जाते. ती अत्यंत विषारी आहे. तिच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, खवले खरखरीत असतात व डोके त्रिकोणी असते. अजगराचे पट्टे मोठे व अनियमित, खवले गुळगुळीत व चकचकीत असतात. हा फरक जाणणाऱ्यानेही सापाला हात न लावता वनविभागाला कळवणेच योग्य. ‘अजगर काही करत नाही’ या एका वाक्यावर विसंबून पुढे केलेला हात प्राणघातक ठरू शकतो.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. १) प्राचीन वाङ्मयातील अजगर आजच्या वाक्प्रचारांपेक्षा अधिक समृद्ध आहे. २) संतोषाची प्रतिमा निरीक्षणाशी सुसंगत आहे, आळसाची प्रतिमा नाही. ३) बंदिवास आणि रान या दोहोंतून मिळालेले ज्ञान परस्परपूरक असून एकाच्या आधारे अजगराविषयी निर्णय देणे अपुरे ठरते. महाविद्यालयात एकनाथी भागवताचा आठवा अध्याय शिकवताना मराठी व प्राणिशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन अजगरावर एक तास घेतला, तर विद्यार्थ्याला अवधूताचा गुरू आणि पोहऱ्याच्या रानातील अजगर हे दोन्ही समजतील. वऱ्हाडातील ज्या विद्यार्थ्याच्या शेतात उद्या हा प्राणी निघणार आहे, त्याच्या हातातील काठी थांबवण्यासाठी आणि त्याचा हातही थांबवण्यासाठी हे दुहेरी वाचन आवश्यक आहे, असे म्हणता येईल.