ओझे वाहणाऱ्यांचे शौर्य

१९७१ च्या युद्धातील भुजच्या विमानतळावर रचलेला ‘भुज : द प्राइड ऑफ इंडिया’ हा अभिषेक दुधैया यांचा हिंदी चित्रपट १३ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. सुरतेस एका स्नेह्यांच्या घरी आम्ही तो अलीकडेच पाहिला. मालाची ने-आण हाच ज्या नगरीचा प्राण, तेथे बसून पाहताना एक विचार मनात घोळत राहिला, तो वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम गुणांचा उल्लेख करणे न्याय्य होईल. विमानतळाचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक हे महाराष्ट्रीय अधिकारी आणि शत्रूच्या बॉम्बवर्षावाने उखडलेली धावपट्टी ७२ तासांत पुन्हा उभी करणाऱ्या माधापरच्या सुमारे ३०० स्त्रिया यांची कथा या चित्रपटाने घरोघरी पोचविली. विमानांची चाहूल लागताच झुडपांत लपायचे आणि ती गेली की पुन्हा घमेले उचलायचे, हे त्या स्त्रियांचे शौर्य कोणत्याही अलंकाराविना थोर आहे.

परंतु चित्रपटकर्त्यांचा या साधेपणावर विश्वास नाही. सैनिकांना घेऊन येणारे मालवाहू विमान जायबंदी होते आणि खालून धावणाऱ्या ट्रकचा आधार देऊन ते उतरविले जाते, असा शेवटचा प्रसंग आहे. प्रेक्षक टाळ्या वाजवितो. पण अशा विमानाच्या वैमानिकाचे खरे काम काय, हे त्याला अखेरपर्यंत कळत नाही. आमचा आक्षेप अतिशयोक्तीला नाही, या अज्ञानाला आहे.

लढाऊ वैमानिकाच्या हाती शस्त्र असते. वाहतूक वैमानिकाच्या हाती केवळ सुकाणू. गोळी आली तर उलट गोळी झाडण्याचे साधनही त्याच्यापाशी नसते. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटा विमानांनी शीख पलटणीचे जवान श्रीनगरास उतरविले, म्हणून ते शहर वाचले. वेढ्यात सापडलेल्या पूंछला याच विमानांनी धान्य, दारूगोळा, तोफासुद्धा पोचविल्या आणि परतताना निर्वासितांना बाहेर काढले. २४ मे १९४८ रोजी मेहरसिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन सुमारे ११,००० फूट उंचीवरील लेहच्या कच्च्या पट्टीवर डाकोटा उतरविले. त्या विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. १९७१ मध्ये तर विंग कमांडर वसिष्ठ यांच्या तुकडीने अवजड ए.एन.-१२ मालवाहू विमानांतूनच शत्रूवर बॉम्ब टाकले. एवढे अस्सल द्रव्य हाताशी असता कल्पित चमत्काराची गरज का भासावी?

कारण उघड आहे. चमत्कार एका क्षणाचा असतो. या वैमानिकाचे शौर्य पुनरावृत्तीत असते. काल जी खिंड ओलांडली तीच आज, तेच ओझे, तेच ढग, आणि उद्याही पुन्हा तेच. हे पडद्यावर दाखविणे अवघड खरे. पण कलावंताची कसोटी अवघड ठिकाणीच लागते.

शिवाय हा धोका तह झाल्यावर संपत नाही. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी, युद्ध चालू नसताना, १०२ जणांना घेऊन उडालेले ए.एन.-१२ रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. त्याचे पहिले अवशेष २००३ मध्ये हाती लागले. २०२४ मध्येही बर्फातून चार मृतदेह निघाले. छपन्न वर्षे वाट पाहणाऱ्या घरांच्या दुःखाला कोणता शेवटचा प्रसंग पुरेल?

आपल्या कारवारजवळच्या चेंडिये गावचे रामा राघोबा राणे यांना १९४८ च्या पराक्रमाबद्दल परमवीरचक्र मिळाले, ते सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिल्याबद्दल. वाट करून देणे आणि ओझे पोचविणे हेही वीरकर्म होय, हे राष्ट्राने तेव्हाच ओळखले होते. देवळात पालखी निघाली की सर्वांचे डोळे देवाकडे लागतात, हे योग्यच. पण खांदा देणारा अडखळला तर उत्सव थांबतो, हे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. म्हणून प्रसादाचा नारळ त्याच्याही हाती पडतो.

ती जाण या चित्रपटात माधापरच्या स्त्रियांपुरती आहे, वैमानिकापर्यंत पोचत नाही. पाहावा, मुलांनाही दाखवावा. मात्र तो संपल्यावर त्यांना पूंछची आणि लेहची हकीकत सांगावी. पडद्याने जे राखून ठेवले, ते सांगण्याचे काम घरच्यांचे आहे.