दरवाजे आणि नळ

औरंगाबाद, म्हणजे 2023 पासूनचे छत्रपती संभाजीनगर, याविषयीचे लेखन बहुधा बावन्न दरवाजांभोवतीच घुटमळते. शहराचा अभिमान म्हणून त्यात दगड येतात, पाणी येत नाही. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली आणि जमिनीखालून नहर आणली. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी पाण्यापासून शहर मांडतो. आमचे लेखक मात्र त्याची नहर शोभेची वस्तू समजतात! जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर, तरी 2022 मध्ये नळ कित्येक दिवसांआड. नावाचे मोल आम्हाला शिकवू नये. विद्यापीठाच्या नामांतरासाठी 1978 ते 1994 आम्ही रक्त सांडले आहे. पण शाश्वत विकासाची चर्चा हंड्यांच्या रांगेत उभे राहून कोणी लिहिली? रात्री नळाची वाट पाहणारी बाई या लेखनात साधे पात्र म्हणूनही भेटत नाही.