‘कारवाँ’मधला शौकत

हिंदी चित्रपटांतील मुस्लिम पात्रांचे ठरावीक साचे आपल्या परिचयाचे आहेत. अदबशीर नवाब, ‘जंजीर’मधील (१९७३) शेरखान किंवा ‘शोले’तील (१९७५) रहीमचाचा यांच्यासारखे दिलदार सज्जन आणि नव्वदीनंतर वाढत गेलेले बंदूकधारी. या पात्रांत साधे, रोजचे दोष फारसे दिसत नाहीत. मोहल्ल्यात हरघडी भेटणारा चिडका, हट्टी आणि तरीही हवाहवासा वाटणारा माणूस पडद्यावर क्वचितच येतो.

आकर्ष खुराना दिग्दर्शित ‘कारवाँ’मधला (२०१८) शौकत म्हणूनच लक्षात राहतो. बंगळुरूत मन मारून आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या अविनाशचे (दुल्कर सलमान) वडील यात्रेच्या बसला झालेल्या अपघातात मरण पावतात. हाती आलेल्या शवपेटीत मात्र एका अनोळखी वृद्धेची मय्यत निघते. वडिलांचा देह कोचीला भलत्याच घरी गेलेला असतो. पेट्यांची अदलाबदल करण्यासाठी अविनाश आपल्या मित्राच्या, शौकतच्या (इरफान खान) व्हॅनमधून निघतो. वाटेत उटीला त्या वृद्धेची नात तान्या (मिथिला पालकर) गाडीत बसते. अविनाश आतल्या आत कुढणारा, तान्या बिनधास्त, शौकत जुन्या वळणाचा. तिघांच्या स्वभावांचा मेळ म्हणून नाही.

प्रवासातल्या विनोदपटाचा जीव असल्या विजोड सोबतीत असतो. कोणालाही मध्येच उठून जाता येत नाही. जॉन ह्यूजेस यांचा ‘प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाइल्स’ (१९८७) हा अमेरिकन चित्रपट याचा उत्तम नमुना आहे. सणासाठी शिकागोला घरी निघालेल्या नीलच्या (स्टीव्ह मार्टिन) गळ्यात डेल (जॉन कँडी) हा बडबड्या फिरता विक्रेता पडतो. मुक्कामाच्या खोलीत नील त्याला वाटेल तसे बोलतो आणि आपण हसतो. मग डेल शांतपणे उत्तर देतो आणि आपले हसू ओशाळते. त्याची बायको कधीच वारलेली आहे आणि त्याला घरच नाही, हे अखेरीस कळते. ज्याला आपण हसलो, त्याच्याकडे पाहण्याची आपली नजर बदलते.

या कसोटीवर ‘कारवाँ’ अर्धाच उतरतो. शौकत तान्याच्या कपड्यांवरून नाके मुरडतो, उर्दूचा तोरा मिरवतो आणि रस्त्यात भेटलेल्या तस्नीमवर जीव टाकून बसतो. असे पात्र पाहून आपल्यापैकी काहींना समाजाची बदनामी झाल्यासारखे वाटेल. मला तसे वाटत नाही. ज्याचे दोषच दाखवायचे नाहीत, त्याला आपण पाहुण्यासारखे दूर बसवतो. थट्टा घरच्या माणसाची होते.

माझी तक्रार वेगळी आहे. अविनाशचे कुढणे ही त्याची एकट्याची व्यथा म्हणून येते. बापाशी असलेला अबोला, सोडून दिलेली छायाचित्रकला यांना पटकथा सविस्तर जागा देते. शौकतच्या मनाला त्या मानाने फार कमी जागा मिळते. मग मुलींच्या कपड्यांवर बोलणे हा त्याचा स्वतःचा हट्ट आहे की त्याच्या जमातीचा, हे प्रेक्षकाने आपापल्या समजुतीप्रमाणे ठरवावे लागते. ती समजूत आधीच तयार असते आणि पटकथा तिला धक्का देत नाही.

हा तोटा इरफान भरून काढतो. तो हशा मागत नाही. कठोर वाक्यही निर्विकार चेहऱ्याने बोलून नजर दुसरीकडे वळवतो, आणि त्या क्षणात शौकतचे एकटेपण दिसून जाते. ‘पिकू’तही (२०१५) तो असाच दुसऱ्यांच्या घरातली भांडणे गाडीत घालून दिल्लीहून कोलकात्याला नेतो. ‘कारवाँ’ प्रदर्शित झाला तेव्हा तो लंडनमध्ये उपचार घेत होता. २९ एप्रिल २०२० रोजी तो गेला. असल्या भूमिकेला इतका जिवंतपणा देणारा नट सहजी सापडणार नाही.

शौकत चुकतो, भांडतो, तरी मित्राची सोबत सोडत नाही. एवढ्यासाठी ‘कारवाँ’ जरूर पाहावा. मात्र व्हॅन शौकतची, स्टिअरिंग शौकतच्या हाती आणि दुःख बहुतांशी दुसऱ्याचे, ही त्यातली वाटणी डोळ्यांआड करू नये. ज्या दिवशी त्याच्या घरची मय्यत घेऊन कोणी अविनाश गाडी चालवील, त्या दिवशी ही सोबत बरोबरीची होईल.