डोंगराला आपटणारा ढग

प्रतिरोध पाऊस शिकवताना फळ्यावर एक आकृती हमखास येते. समुद्राकडून बाण निघतो, त्रिकोणी डोंगराला ढग अडतो, अलीकडे पाऊस पडतो आणि पलीकडे 'पर्जन्यछाया' असे लिहिले जाते. डोंगराच्या दोन बाजूंमधला फरक ही आकृती चटकन दाखवते, हा तिचा गुण आम्हाला मान्य आहे. परंतु तिच्यामुळे मुलांच्या मनात दोन चुकीच्या समजुती घर करतात.

पहिली, ढग भिंतीवर आपटून रिकामा होतो. वास्तविक डोंगर वाऱ्याला वर चढायला लावतो. वर हवेचा दाब कमी असल्याने हवा प्रसरण पावते, थंड होते आणि बाष्पाचे ढग तिथेच बनतात. पलीकडे उतरणारी हवा दाबली जाऊन तापते व ढग विरतात. हा उतरता बाण आकृतीत बहुधा नसतोच.

दुसरी समजूत अशी की, उंची जास्त तर पाऊस जास्त. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे, पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. अंतर वीसेक किलोमीटर. तरीही घाटमाथ्यापासून पूर्वेला असलेल्या पाचगणीचा पाऊस महाबळेश्वरच्या जेमतेम तिसरा हिस्सा भरतो. उलट आंबोली ७०० मीटरच्या आसपास, पण ऐन घाटमाथ्यावर. तिथला पाऊस महाबळेश्वरला मागे टाकू शकतो.

उंचीशी थेट बांधलेले असते ते तापमान. दर १,००० मीटरला ते सरासरी ६.५ अंशांनी उतरते. वाईपेक्षा पाचगणी सुमारे ६०० मीटर उंच, म्हणून जवळपास ४ अंशांनी थंड. पावसासाठी मात्र वाऱ्याच्या वाटेत चढ कोठे आहे आणि हवेत बाष्प किती उरले आहे, हे पाहावे लागते.

माण तालुक्यातला विद्यार्थी विचारील, "आमच्याकडेही महादेवाचे डोंगर आहेत, मग पाऊस का नाही?" त्रिकोणी आकृतीपाशी याचे उत्तर नाही. सह्याद्री चढतानाच वाऱ्याने बरेचसे बाष्प गमावलेले असते, हे त्याला कळायला हवे. कारण दुष्काळ त्याच्या घरचा आहे.

शिक्षकांनी नकाशावरून महाड, महाबळेश्वर, पाचगणी, वाई असा छेद मुलांकडून काढून घ्यावा. त्याखाली तापमानाची एक व पावसाची एक अशा दोन रेषा आखाव्यात. त्या सारख्या का चालत नाहीत, हाच खरा पाठ आहे.